डावा पाय, निल

चार वर्षांपूर्वी याच अंकात माझ्यावर दीड पानाचा मजकूर आला होता. सोबत फोटो, हातात तेलाची बाटली धरून मी हसतोय. त्यात एका जर्मन बचावपटूची गोष्ट आहे. त्याने दुखापत लपवली, मला गप्प राहायला सांगितलं, आणि मी कोल्हापूरच्या तालमीतला माणूस, दिलेल्या शब्दाला जागून गप्प राहिलो, अशी. इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी ती स्टेजवरूनही सांगितली होती. टाळ्या पडल्या होत्या.

ती गोष्ट खोटी आहे. यंदा संपादकांचा पुन्हा फोन आला, "दिलावरभाई, कामातल्या आठवणी लिहा." मी म्हटलं, लिहितो, पण मागचं खोडून लिहीन. ते म्हणाले, "दिवाळी अंक आहे हो, जरा हलकंफुलकं बघा." जमेल तेवढं बघतो.

मी दिलावर मुजावर. मूळ कोल्हापूरचा. दुबईपलीकडे पूर्व किनाऱ्यावर, फुजैराच्या बाजूला, एका फुटबॉल क्लबात मी सतरा वर्षं मसाजर होतो. क्लबचं नाव लिहीत नाही. मसाजर म्हटलं की लोकांना आधी हॉटेलातला गुलाबपाण्याचा कारभार आठवतो. आमचं काम तसं नाही. टेबलावर खेळाडू पालथा पडतो आणि पुढची चाळीस मिनिटं त्याच्या मांड्या, पोटऱ्या, पाठ आमच्या ताब्यात असतात. कोणता स्नायू थकलाय, कोणता चिडलाय, कोणता उद्या दगा देणार, हे बोटांना कळतं. डोळ्यांना कळायच्या आधी कळतं. मी अर्धा वेळ डोळे मिटूनच काम करायचो. नवे खेळाडू घाबरायचे, म्हातारा झोपला की काय म्हणून.

गिऱ्हाइकंही एकेक. एक ब्राझीलचा फॉरवर्ड टेबलावर पडल्या पडल्या घोरायचा आणि गोल चुकल्यासारखा दचकून उठायचा. एका गोलकीपरला तेलाचा वास सहन व्हायचा नाही, त्याला मी लहान मुलासारखी पावडर लावायचो. एक इथलाच विंगर होता. मी चुकून डाव्या पायापासून सुरुवात केली की म्हणायचा, "हबीबी, आज हरलो आपण, खलास!" आणि हरलो की दोष माझाच.

हे हलकंफुलकं झालं. आता शीट.

टेबलावरून खेळाडू उतरला की मसाजरने एक कागद भरायचा असतो. ट्रीटमेंट शीट. खेळाडूचं नाव, मग मान, खांदा, पाठ, उजवा पाय, डावा पाय असे रकाने. काही वेगळं हाताला लागलं, किंवा खेळाडूने काही दुखतं म्हणून सांगितलं, तर त्या रकान्यात लिहायचं. नसेल तर "निल". हा कागद फिजिओ वाचतो, मग डॉक्टर वाचतो, आणि डॉक्टर कोचला सांगतो की हा खेळेल, हा नाही. म्हणजे सगळी साखळी आमच्या बोटांपासून सुरू होते. बोटांनी ऐकलेलं कागदावर उतरलं नाही, तर पुढे सगळे आंधळे.

मला हे पटायला जड गेलं होतं. मी शिकलो तालमीत, नाना वस्तादांच्या हाताखाली. तिथे कायदा उलटा. पैलवानाचा कुठला खांदा उतरतोय, कुठला गुडघा कच्चा आहे, हे मालिश करणाऱ्याला कळतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगायचं नसतं. सकाळी बोललेलं संध्याकाळी समोरच्या तालमीत पोचतं आणि कुस्तीत समोरचा नेमका तोच गुडघा धरतो. नाना म्हणायचे, "दिलावर, हातानं ऐकलेलं तोंडानं बोलू नये." मी ते लक्षात ठेवलं. पुढे त्याचा उपयोग कसा केला ते सांगतोच.

हेनिंग आमच्याकडे आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा. उंच, खांद्याला किंचित वाकलेला, बोलायला कमी. गाव उत्तर जर्मनीतलं, नदीकाठचं, साखर कारखान्याचं. वडील त्याच कारखान्यात फिटर होते. गावचा क्लब लहान, मैदानाला स्टेडियम नाही, एका बाजूला लोखंडी कठडा. हेनिंग सात वर्षांचा असल्यापासून वडील त्या कठड्यावर एकाच जागी हात ठेवून उभे राहायचे. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. शेजारच्या माणसाला यंत्र बिघडल्याचं माहीत होतं, पण तो शिफ्टच्या वहीत लिहायला विसरला. यंत्राने दोन बोटं नेली. हे हेनिंगने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ही गोष्ट माझ्या कानावर होती, एवढं लक्षात ठेवा.

त्याचं करिअर मला टेबलावर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. लहानपणी तो गोल मारायचा. अकराव्या वर्षी कोचने मागे उभं केलं, तो आठवडाभर रडला. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या क्लबात पहिला सामना, आणि त्यात स्वतःच्याच जाळ्यात गोल. दोन वर्षं गुडघ्यात गेली. मग दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आठ वर्षं, त्यातली पाच कॅप्टन. देशाकडून एकदाही नाही. "एकदा यादीत नाव होतं," तो म्हणाला, "पण ती यादी पेपरवाल्याने केली होती." असं तोंड न हलवता बोलायचा.

बचावपटूचं काम मला त्यानेच समजावलं. "चांगलं केलं तर कुणाला दिसत नाही. दिसलास की समज काहीतरी चुकलं." मी म्हटलं, आमचंही तसंच. तो पालथाच होता, पण त्याच्या पाठीवरून मला कळलं की तो हसला.

त्याचं एकच मागणं उरलं होतं. आमच्याकडचा हंगाम संपला की गावच्या त्या लहान क्लबात शेवटचं एक वर्ष. बोलणं झालं होतं, कागद तयार होते. वडील तेव्हा त्र्याहत्तरचे. "ते कठड्याला असेपर्यंत मला एकदा त्या मैदानावर मोठा माणूस म्हणून खेळायचंय," असं तो म्हणाला होता. तो जन्मभर लोकांच्या गावांसाठी खेळला होता. आता एक वर्ष स्वतःच्या.

आता माझ्याबद्दल. तो यायच्या आधी क्लबात माझी किंमत काय होती? आमचा फिजिओ निकोस, ग्रीसचा, डिग्रीवाला, हुशार. तो मला "ऑइल मॅन" म्हणायचा. "ऑइल मॅन, आज काय तळतोयस?" सगळे हसायचे, मीही हसायचो. हेनिंग आला, दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पडला, आणि उठून सगळ्यांसमोर म्हणाला, "पंधरा वर्षांत असे हात मिळाले नाहीत. मी इथेच येणार." त्या दिवसापासून निकोसने मला दिलावर म्हणायला सुरुवात केली. मॅनेजर साहेब, इथलेच, वयस्कर, शांत माणूस, पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून सांगायचे, "आमच्या जर्मनला फक्त याचेच हात चालतात." मी घरी येऊन बायकोला सांगायचो. शमा म्हणायची, "ऐकलं की, कालपण सांगितलासा."

हंगामाचे तीन सामने उरले होते आणि आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याच्या काठावर. मे महिना, उकाडा असा की तेल बाटलीतच गरम.

गुरुवारी सकाळी हेनिंग टेबलावर आला. डाव्या पायावर हात फिरवताना मी टाचेपाशी थांबलो. टाचेच्या मागे दोरीसारखी जाड शीर असते, पोटरीला टाचेशी बांधून ठेवणारी. तिच्यावर, टाचेपासून चार बोटं वर, हरभऱ्याएवढी सूज होती. आणि त्याने पाऊल वरखाली केलं तेव्हा माझ्या बोटांखाली बारीक करकर आली. ओल्या वाळूवर पाऊल पडावं तशी. मी तालमीत असताना एकदाच ती करकर ऐकली होती. तो पैलवान पुढे परत मातीत उतरला नाही.

मी काही बोलायच्या आत हेनिंगच बोलला. तोंड टेबलाच्या भोकात, त्यामुळे आवाज जमिनीतून आल्यासारखा.

"लागलं ना हाताला?"

"हो."

"चार दिवस झाले. सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो." थोडा थांबला. "दिलावर, तू लिही."

"तूच डॉक्टरला सांग ना."

"मी सांगितलं तर कोच विचारेल, खेळशील का. आणि कोचने विचारलं की माझ्या तोंडून हो जातं. सोळा वर्षं हो गेलंय, आता नाही म्हणायला येत नाही. तू लिही. कागदावर असलं की कुणी मला विचारणार नाही."

आता हे नीट वाचा. त्याने मला गप्प राहायला सांगितलं नाही. त्याने लिही म्हणून सांगितलं. दोनदा.

तो गेल्यावर मी शीट पुढ्यात घेतली. उजवा पाय, निल. डावा पाय. पेन टेकवलं आणि डोक्यात निकोस आला. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने सांगितलं होतं, "शिरेचं काही असलं तर तो खेळाडू माझ्या टेबलावर. शिरा तेलाने बऱ्या होत नसतात." म्हणजे मी लिहिलं की हेनिंग त्याच दुपारी माझ्या टेबलावरून जाणार. उरलेला सगळा हंगाम त्याच्याकडे मशिनं, पट्ट्या, बर्फ. निकोस विचारणार, चार दिवस तुझ्या हाताखाली होता, तुला आज कळलं? आणि मी परत ऑइल मॅन.

व्हिसाची भीती होती का? होती, थोडी. मुलगी आयेशा तेव्हा सातवीला होती, इथल्याच शाळेत. पुढे लोकांना सांगताना मी हे कारणही वापरलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आयेशा आठवली नाही. मला निकोसचा चेहरा आठवला. आणि एक गोष्ट आठवली, की माझे हात चांगले आहेत. दोन दिवस आहेत. गरम तेल, हलका हात, पट्टी. शनिवारपर्यंत मी ही सूज उतरवीन. आणि मग कुणाला कळायचंच नाही.

मी लिहिलं, निल.

शुक्रवारी हेनिंग आला. मला वाटलं विचारेल. त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "डॉक्टर काही बोलला नाही अजून."

मी म्हटलं, "बोलतील."

ते "बोलतील" हे माझं दुसरं खोटं. ते लिहिलेलंही नव्हतं, तोंडाने बोललेलं होतं. चाळीस मिनिटं मी त्या शिरेवर काम केलं. तो दात आवळून होता. सूज थोडी कमी झाल्यासारखी वाटली. हाताला हवं ते वाटतं कधीकधी, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी सामन्याच्या आधी किट रूममध्ये इक्बालभाई कपडे मांडत होते. रत्नागिरीकडचे, वयाने माझ्याहून मोठे, क्लबचे किटमन. बूट पुसता पुसता म्हणाले, "दिलावर, पाय उचलून टाकत नाय रे तुझा गोरा. फरफटवतोय. बघितलंस?"

"थकलाय."

"थकलेला माणूस दोन्ही पाय फरफटवतो. हा एकच." त्यांनी बुटाची टाच मला दाखवली. डाव्या बुटाची टाच आतून कापलेली होती, चाकूने, शिरेला लागू नये म्हणून. "ही त्यानं स्वतः कापली. तू काय लिहिलंस?"

"निल."

इक्बालभाईंनी बूट खाली ठेवला. "अजून दोन तास आहेत. जा, सांग."

"इक्बालभाई, टेबलावरचं टेबलावर राहतं. आमच्या वस्तादांनी शिकवलंय."

"तुझे वस्ताद हितं खेळनार हायत काय?"

मी बाहेर आलो. डॉक्टरांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती, दार उघडं. डॉक्टर एकटे बसून संत्रं सोलत होते. वीस पावलं. मी दहा चाललो. तेवढ्यात निकोस त्या खोलीत गेला आणि दोघं कशावर तरी हसले. मी वळलो. रोज आठवतं ते हे. शीर तुटल्याचं नंतर. आधी ते संत्रं.

हेनिंगने शेवटचं तेल माझ्याकडूनच लावून घेतलं. उठताना त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत प्रश्न होता आणि माझ्याकडे पट्टी होती. मी पट्टी बांधली. तो म्हणाला, "म्हणजे त्यांना चालेल असं वाटतंय." तो समजत होता की सगळ्यांनी वाचलंय आणि ठरवलंय. मी मान हलवली. हलवली की नुसती खाली घातली, ते मलाही माहीत नाही. त्याने ती हो समजली.

पासष्टावं मिनिट असेल. एक-एक. चेंडू त्यांच्या अर्ध्या भागात होता. हेनिंग एकटा उभा होता, आजूबाजूला दहा-बारा पावलांत कुणी नाही. चेंडू उंच आला, तो मागे सरकला आणि उडी मारायला डाव्या पायावर जोर दिला. बाकावर बसून मला आवाज आला. सुकी फांदी मोडल्यासारखा. हेनिंग पडला नाही. तो आधी मागे वळला. कुणी लाथ मारली ते बघायला.

मागे कुणी नव्हतं.

मग त्याने बाकाकडे बघितलं. तीस-चाळीस मीटरवरून, उकाड्यातून, लाइटच्या उजेडात. आणि मग खाली बसला, हळूच, म्हातारी माणसं सतरंजीवर बसतात तसा.

इस्पितळात खोलीत आम्ही चौघं होतो. हेनिंग, डॉक्टर, मॅनेजर साहेब आणि मी. निकोस दारात. डॉक्टर म्हणाले, शीर पूर्ण गेली आहे, आणि अशी शीर एका दिवसात जात नाही. मॅनेजर साहेबांनी फायलीतून आठवड्याच्या शीट काढल्या आणि मोठ्याने वाचल्या. "गुरुवार, डावा पाय, निल. शुक्रवार, निल. शनिवार, निल." मग हेनिंगकडे वळून शांतपणे विचारलं, "तुला काही जाणवलं नव्हतं? कुणाला काही सांगितलं होतंस?"

हेनिंग छताकडे बघत होता. तेव्हाच त्याला कळलं असणार. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला काहीच जाणवलं नाही. कुणाला सांगितलं नाही."

"पण बूट कापलाय तू," निकोस दारातून म्हणाला.

"मी लपवलं." हेनिंग म्हणाला. "माझी चूक."

मॅनेजर साहेबांनी फाइल मिटली. "खलास. अल्लाहची मर्जी." बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धीर देण्यासाठी. मी तो हात राहू दिला.

दोन दिवसांनी पेपरात आलं, जर्मन खेळाडूने दुखापत लपवली, संघाचं नुकसान. तीन आठवड्यांनी तो कुबड्यांवर गेला. मला म्हणाला, "हात सांभाळ." हे टोचून म्हणाला की प्रेमाने, यावर मी नऊ वर्षं विचार केला. गावचा क्लब थांबू शकला नाही. त्या वयात ती शीर जोडून येते, पण उडी येत नाही. हेनिंग परत खेळला नाही.

आणि मी? पुढच्या हंगामात मला हेड मसाजर केलं. माझी शीट स्वच्छ होती ना. इक्बालभाई वर्षभराने कायमचे गावी गेले. निघताना त्यांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "मी तुला इचारलं होतं." परत कधी फोन नाही.

त्यानंतर मी सगळं लिहायला लागलो. करकर, सूज, ओरखडा, सगळं. पोरं मला कातिब म्हणायची, लिहिणारा. "कातिब, मच्छर चावलाय, लिही!" मी तेही लिहायचो. लोक म्हणायचे, किती प्रामाणिक माणूस.

मग मंडळाचा कार्यक्रम, मग या अंकातला मजकूर. विचारणाऱ्याने विचारलं, "त्या जर्मनचं काय झालं होतं?" आणि माझ्या तोंडून तयार गोष्ट आली, तालमीच्या शिस्तीची. नाना वस्तादांचं नाव मी ढालीसारखं पुढे धरलं. ते आता नाहीत. असते तर त्यांनी मला तालमीच्या पायरीवरून खाली ढकललं असतं. पैलवान स्वतः सांग म्हणाला आणि तू गप्प बसलास? ही शिस्त नव्हे रे, हे दुकान झालं.

आयेशाने तो मजकूर गेल्या वर्षी वाचला. ती आता फिजिओथेरपी शिकते, शेवटच्या वर्षाला. जेवताना म्हणाली, "अब्बा, क्रेपिटस, ती करकर, वॉज देअर, राइट? मग तो कितीही गप्प राहा म्हणाला तरी रिपोर्ट करावंच लागतं. व्हाय डिडन्ट यू राइट इट?"

मी म्हटलं, "तेव्हा असं नव्हतं."

"इट वॉज ऑल्वेज लाइक दॅट, अब्बा."

शमा पोळी वाढायची थांबली होती.

क्लब सोडून मला दोन वर्षं झाली. आता बर दुबईत एका लहान क्लिनिकमध्ये बसतो, मीना बझारच्या मागच्या गल्लीत. कापडाच्या दुकानातली माणसं येतात, दिवसभर उभं राहून कंबर धरलेली. यंदा फेब्रुवारीत फोन वाजला. "डिलावर? हेनिंग." जर्मनीतल्या मुलांचा संघ घेऊन सरावासाठी आला होता. कोच झाला होता. "एक तास मोकळा आहे. पाय दाखवायचाय."

अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडून आला, पुढे चालत. मी खिडकीतून बघत होतो. डावा पाय फरफटत नव्हता, पण पोचत उशिरा होता.

तो टेबलावर पालथा पडला, नऊ वर्षांपूर्वीसारखा. मी टाचेला हात लावला. शिवणीची रेघ, वीतभर. पोटरी उजवीपेक्षा निम्मी. माझे हात थांबले.

"हेनिंग, मला एक सांगायचंय."

"मला माहीत आहे. तू लिहिलं नाहीस. त्यांनी वाचलं तेव्हाच कळलं."

"मग तू का..."

"तुला दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं. तुझी मुलगी शाळेत होती. आणि मी मोठा माणूस होतो, मलाही तोंड होतं." जमिनीतून आवाज. "पण मला एक कधी कळलं नाही. का नाही लिहिलंस?"

भीती होती, असं सांगता आलं असतं. त्याने ते लगेच मानलंही असतं, त्याने ते कारण मला आधीच तयार करून दिलं होतं. मी म्हटलं, "लिहिलं असतं तर तू निकोसच्या टेबलावर गेला असतास. तू माझ्या टेबलावर असलास की मी कुणीतरी होतो."

माझे हात त्याच्या पोटरीवर होते आणि मला पोटरी घट्ट होताना कळली. मग तो उठून बसला. चेहऱ्यावर भोकाची गोल खूण. राग होता. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रागावलेलं बघितलं.

"त्यासाठी?"

"त्यासाठी."

"माझे वडील," तो म्हणाला, "पेपरात वाचल्यापासून माझ्याशी फुटबॉलवर बोललेले नाहीत. लपवलं म्हणून. खेळता आलं नाही म्हणून नाही. ज्याने वहीत लिहिलं नाही, त्या माणसाने त्यांची दोन बोटं नेली, आणि त्यांच्या मुलाने तेच केलं, असं त्यांना वाटतं. मी मुलांना शिकवतो त्या मैदानावर ते येत नाहीत. कठडा दोनशे पावलांवर आहे त्यांच्या घरापासून."

"तू त्यांना खरं सांगितलं नाहीस?"

"एकदा लपवलं म्हणणारा मुलगा नंतर नाही म्हणाला, तर कोण मानेल?"

त्याने खिशातून फोन काढला. मला वाटलं निघतोय. त्याने नंबर लावला, व्हिडिओ. मी म्हटलं, "आत्ता?" तो म्हणाला, "आत्ता. तू सांग."

पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक हात, तीन बोटांचा, फोन सरळ करणारा. मग चेहरा. ब्याऐंशीचे. हेनिंग जर्मनमध्ये काहीतरी बोलला आणि फोन माझ्यासमोर धरला.

माझे हात तेलकट होते. मी ते पाठीमागे नेले, शाळेत मारायच्या आधी नेतात तसे. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये बोललो. "सर, मी मसाजर. तुमच्या मुलाने लपवलं नाही. गुरुवारी मला सांगितलं. म्हणाला, लिही. मी लिहिलं नाही."

हेनिंगने ते जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारा बघत राहिला. मग एकच शब्द बोलला. तो मला भाषांतराशिवाय कळला.

मी का लिहिलं नाही ते सांगितलं. जसं वर लिहिलंय तसंच. हेनिंगला तेही स्वतःच्या तोंडाने वडिलांना सांगावं लागलं. मधे एकदा तो अडखळला, पुन्हा सुरुवात केली, काही गाळलं नाही.

पडद्यावर कुणीच हललं नाही. मला वाटलं फोन अडकला. मग म्हाताऱ्याने फोन जवळ घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मुलाशी बोलला, तीन-चार वाक्यं असतील, सावकाश. हेनिंग ऐकत होता, खाली मान घालून. शेवटी म्हणाला, "या, पापा." जर्मनमध्ये या म्हणजे हो. परत म्हणाला, "या." आणि फोन ठेवला.

काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ते माझं नव्हतं.

मला वाटलं आता जाईल. तो खिडकीपाशी उभा राहिला, खाली गल्लीत कुणीतरी साड्यांचे गठ्ठे उतरवत होतं ते बघत. मग परत येऊन पालथा पडला.

"अजून वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "डावा सकाळी दुखतो. जिना उतरताना."

मी काम केलं. डोळे उघडे ठेवून. झाल्यावर कागद घेतला. इथेही असतो, क्लिनिकचा, तसेच रकाने. मी लिहीत असताना तो बूट घालायचा थांबला.

"वाच."

मी वाचलं. "डावा पाय. टाचेच्या वर जुनी शिवण. पोटरी बारीक. सकाळी दुखतो." पुढचं लिहायचं राहिलं होतं, ते लिहून मग वाचलं. "त्याने स्वतः सांगितलं."